कुबडी, कॅलिपर आणि कॅमेरा: पोर्ट्रेटचा धंदा सुरू करायचाय त्यांच्यासाठी

"ताई, मलापण फोटोग्राफी करायचीये पण पायाचा प्रॉब्लेम आहे, जमेल का?" असा मेसेज अधूनमधून येतच असतो. दरवेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. माझा उजवा पाय लहानपणी पोलिओने गेला, कॅलिपर (पायाला आधाराची पट्टी) लावते, डाव्या हातात कुबडी असते आणि घर पोर्ट्रेटवर चालतं. म्हणजे खालचं बरंचसं पायाच्या त्रासातून शिकलेलं आहे. हाताचा त्रास असलेले किंवा व्हीलचेअरवरचे जे ओळखीचे लोक काम करतात त्यांच्याकडून कळलेलंही मधेमधे टाकलंय.

जमेल का, तर हो जमतं. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगला सातव्या वर्षी पोलिओ झाला होता, आयुष्यभर लंगडत चालली, आणि ते १९३० च्या महामंदीतल्या शेतमजुरांचे जगप्रसिद्ध फोटो काढायच्या आधी तिचा सॅन फ्रान्सिस्कोत चांगला चालणारा पोर्ट्रेट स्टुडिओच होता. प्रागचा फोटोग्राफर योसेफ सुडेक, पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, तरी अवजड लाकडी कॅमेरे घेऊन काम करत राहिला. असो. नावं सांगून कोणाचं भाडं भरत नाही, कामाचं बोलू.

मुद्दा एकच आहे आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात. लग्नाच्या फोटोग्राफीत फोटोग्राफर माणसांच्या मागे धावतो, पोर्ट्रेटमध्ये माणूस तुमच्याकडे येऊन बसतो. त्यामुळे जागा आणि सामान असं लावायचं की तुम्ही एका ठिकाणी राहाल आणि खुर्ची, लाइट, पडदा, समोरचा माणूस हे सगळं हलेल. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे प्रश्न पडतच नाहीत.

१. आधी शरीराचा हिशोब मांडा, कॅमेरा नंतर

दुकानात जाण्याआधी आठवडाभर स्वतःकडे नीट बघा आणि लिहून ठेवा. सलग किती वेळ उभं राहता येतं, कोणता हात मोकळा राहतो, दिवसातली कोणती वेळ बरी जाते, बसून उठायला आधार लागतो का. मग घरात दीड किलो साखरेची पिशवी डोळ्यांसमोर धरून बघा किती वेळ धरवते. आरशावाल्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या मोठ्या झूम लेन्सचं (७०-२०० एफ २.८) वजन साधारण तेवढं असतं, आणि त्यात कॅमेऱ्याची बॉडी अजून धरलेलीच नाही.

पोलिओवाल्यांनी हे खास वाचा. पोलिओ होऊन पंधरावीस वर्षं किंवा त्याहून जास्त काळ गेल्यावर काहींना नव्याने थकवा, दुखणं, कमजोरी सुरू होते, त्याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. तेव्हा चांगल्या हातापायांवर जास्तीचा भार टाकून "मी पण इतरांसारखं करते" हा हट्ट महागात पडतो. कुबडीचा खांदा आधीच डबल ड्युटी करतोय, त्यावर कॅमेऱ्याची बॅग लटकवू नका. जमलं तर फिजिओथेरपिस्टला कॅमेरा हातात घेऊन दाखवा, कसं धरता, कसं वाकता. डॉक्टरपेक्षा ते लोक यातलं जास्त काहीतरी सांगतात असा माझा अनुभव.

२. सामान: हलकं घ्या, आणि लांबून चालवता येईल असं घ्या

मोठा कॅमेरा गळ्यात असला की समोरच्यावर इम्प्रेशन पडतं हे खरंय, पण त्याचं बिल मान भरते. सुरुवातीला हे पुरतं:

- हलका मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा, बाहेर फिरणारी टचस्क्रीन आणि डोळ्यावर फोकस धरणारा ऑटोफोकस असलेला. फिरणारी स्क्रीन ही आपल्यासाठी चैन नाहीये, गरज आहे, कारण कॅमेरा खाली, वर, बाजूला कुठेही धरून मान न वाकवता फ्रेम दिसते.
- ५० एमएम एफ १.८ लेन्स. कॅननची डीएसएलआरवाली जेमतेम १६० ग्रॅमची आहे. पुढे पैसे आले की ८५ एमएमची.
- मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) किंवा चांगला ट्रायपॉड, त्यावर हाताने सहज फिरणारं हेड.
- ब्लूटूथ रिमोट. नसेल तर कंपनीचं मोबाइल ॲप, त्यातूनही शटर मारता येतं.
- एक फ्लॅश किंवा स्टुडिओ लाइट, सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), आणि कॅमेऱ्यावर बसणारा असा वायरलेस ट्रिगर ज्याच्यावरून लाइटची पॉवर कमीजास्त करता येते. गोडॉक्स कंपनीच्या बऱ्याच ट्रिगरना हे जमतं. हे मी दोनदा सांगेन, कारण याच्यावाचून प्रत्येक बदलासाठी उठून लाइटपर्यंत जाणं आणि परत येणं, एका शूटमध्ये किती फेऱ्या होतील मोजा.
- चाकाचं खालीवर होणारं स्टूल. कॅमेऱ्याच्या दुकानात शोधू नका, सलूनचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं, स्वस्त आणि दणकट. पण तुमचा तोल जात असेल तर ब्रेकवाली चाकं बघून घ्या.

पट्टा गळ्यातला नको, खांद्यावरून तिरका जाणारा घ्या आणि तो कुबडीच्या विरुद्ध बाजूला कॅमेरा येईल असा.

उजव्या हाताचा त्रास असेल तर घोळ असा आहे की सगळ्या कॅमेऱ्यांचं बटण उजवीकडेच असतं (एकेकाळी जर्मनीच्या एक्झॅक्टा कॅमेऱ्याला डावीकडे असायचं, आता तो फक्त जुनं गोळा करणाऱ्यांकडे). मग कॅमेरा ट्रायपॉडवर आणि रिमोट डाव्या हातात, हा सगळ्यात कटकट नसलेला मार्ग. आणि बसून काम करताना तर यात एक फायदाच आहे, कॅमेऱ्यामागे तोंड लपत नाही, समोरच्याशी डोळ्यात बघून बोलता येतं.

ट्रॅप: नवीन असताना सगळं एकदम कर्ज काढून घेणं. आधी एखाददोन दिवस भाड्याने घेऊन वापरा, वजनाचा अंदाज तिथेच येतो.

३. जागा: पायऱ्या मोजा, मग भाडं विचारा

तळमजला. लिफ्ट आहे म्हणून तिसऱ्या मजल्यावर जागा घेऊ नका, लिफ्ट बंद पडते त्याच दिवशी क्लायंट येतो.

रॅम्पचा हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. म्हणजे सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फुटांचा रॅम्प, दोन पायऱ्या असतील तर बारा फूट, आणि आपल्या गावांमधल्या जुन्या दुकानांपुढे बारा फूट जागा असते का, गटार असतं. म्हणून जागा बघायला जाताना टेप घेऊन जा. दार किमान ९० सेंटीमीटर, आत व्हीलचेअर वळायला पाच फूट मोकळं. तुम्ही स्वतः व्हीलचेअर वापरत नसलात तरी हे बघा, कारण येणारे वापरत असतील. आणि टॉयलेट. मालक दाखवताना "कॉमन आहे, मागे आहे" म्हणून पुढे सरकतो, तुम्ही मागे जाऊन बघाच, दोन पायऱ्या आणि भारतीय भांडं असेल तर दिवसभर पाणी न पिता काम करायची वेळ येते.

खोली किती मोठी? दहा बाय पंधरामध्ये बसलेल्या माणसाचा कंबरेपर्यंतचा फोटो आरामात होतो. उभ्या माणसाचा पायापर्यंत फोटो हवा असेल तर छोट्या सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर ५० च्या लेन्सने साधारण सोळा फूट अंतर लागतं, वर मागे पडद्यापर्यंतची जागा वेगळी. मी सुरुवातीला पूर्ण उभे फोटो घ्यायचेच नाही ठरवलं होतं, काहीही बिघडलं नाही.

पडदा: ती २.७२ मीटरची कागदाची गुंडाळी दिसते छान पण एकट्याने चढवता येत नाही. भिंतीवर पक्के हुक लावून साखळीने खालीवर होणारे रोलर घ्या, किंवा सरळ दोन भिंती दोन वेगळ्या रंगांनी रंगवा, एक करडी, एक मातकट. मी भिंतच रंगवलीये.

आणि वायरी! जमिनीवर एकही वायर मोकळी नको, कुबडीचं टोक अडकलं की तुम्हीपण जाल आणि स्टँडपण. टेपने चिकटवा किंवा भिंतीकडेने न्या, प्रत्येक लाइट स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा. स्टँडला चाकं लावलीत तर लॉक होणारीच.

४. बसून फोटो काढायला शिका

हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून जरा लांबण लावते.

स्टुलावर किंवा व्हीलचेअरवर बसलं की आपले डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार-चार फुटांवर येतात. उभ्या माणसाचा जवळून चेहरा या उंचीवरून काढला तर नाकपुड्या आणि हनुवटीखालचा भाग दिसतो, आणि मग लोक म्हणतात व्हीलचेअरवरून नीट फोटो येत नाही. उपाय अगदी साधा, समोरच्याला बसवा. दोघंही बसलेले असले की डोळे एका पातळीवर. येणाऱ्यालाही बसल्यावर हात कुठे ठेवायचे हा प्रश्न कमी पडतो.

क्लायंटसाठी वेगवेगळ्या उंचीची आसनं ठेवा. माझ्याकडे एक उंच स्टूल, एक साधी खुर्ची, एक बुटकं स्टूल आणि एक चौरंग आहे. डबल चिन असेल किंवा कपाळ मोठं हा विषय असेल तसं आसन बदलायचं. डबल चिनला कॅमेरा जरा वरून हवा असतो, आपल्याला उभं राहायचं नाहीये, मग त्यांना बुटक्या स्टुलावर बसवून थोडं पुढे झुकायला सांगा, झालं. किंवा मोनोपॉड वर करा आणि स्क्रीन खाली वळवून बघा.

पायापर्यंतच्या फोटोला मात्र कमी उंचीच बरी पडते. उभ्या उंचीवरून काढलं तर डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात, कंबरेच्या पातळीवरून काढलं की प्रमाण नीट येतं. जुन्या स्टुडिओंत ते दोन डोळ्यांचे यशिका, रोलिफ्लेक्स कॅमेरे असायचे ना, वरून खाली वाकून बघायचे, ते कंबरेच्या उंचीवरूनच फोटो घ्यायचे. आपल्या आजीआजोबांचे ते रुबाबदार उभे फोटो बघा एकदा काढून, त्यातले कितीतरी असेच निघालेले असणार.

फार जवळ जाऊ नका. बसल्या जागेवरून हात लांब करून फूटभरावरून फोटो घ्यायचा मोह होतो, नाक मोठं येतं. चेहऱ्याला किमान पाच फूट अंतर ठेवा, फ्रेम लेन्सने भरा.

फॅमिली आली तर दोन पातळ्या करा, मोठे बाकावर, मुलं पुढे जाजमावर. लहान बाळासाठी स्वतः जमिनीवर उतरू नका, उठताना वाट लागते. बाळाला रुंद दिवाणावर घ्या आणि आईचा हात फ्रेमच्या कडेला पण बाळाच्या जवळच, एक सेकंदही हात लांब नको, फोटो गेला तर जाऊ दे.

लाइट एकदा लावून ठेवा आणि जमिनीवर खुणा करा. खिडकी असेल तर अजून बरं, खुर्ची खिडकीशी तिरकी, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा बोर्ड. रंगीत टेपने मुख्य लाइट कुठे, खुर्ची कुठे, माझं स्टूल कुठे अशा खुणा असल्या की रोज शून्यापासून मांडामांड नाही.

५. पोझ बोलून करून घ्या

बाकीचे फोटोग्राफर स्वतः पोझ करून दाखवतात किंवा जाऊन हनुवटी वळवतात. आपल्याला प्रत्येक वेळी उठता येत नाही, आणि खरं सांगायचं तर न विचारता कोणाच्या चेहऱ्याला हात लावणं तसंही बरं नाही.

डावं-उजवं म्हणू नका, समोरच्याचा गोंधळ होतोच. भिंतींवर ठरवून वस्तू लावा. माझ्या स्टुडिओत एकीकडे घड्याळ, एकीकडे मोर काढलेली फ्रेम, दाराजवळ लाल पाटी. "खांदे मोराकडे, नाक घड्याळाकडे, डोळे माझ्याकडे" एवढं म्हटलं की पोझ तयार. मान पुढे काढायला सांगताना "कासवासारखी" म्हणते, हसतात, आणि हसल्यावरचा फोटो चांगला येतो तो वेगळाच फायदा.

कॅमेऱ्याच्या बाजूला एक मोठा आरसा ठेवा, साडीवाल्यांना पदर आणि निऱ्या स्वतःच्या स्वतः दिसतात. सोबत कोणी आलं असेल तर त्यांना कामाला लावा, लोकांना आवडतं.

६. मदतनीस ठेवा, पण फोटोग्राफर कोण हे ठरवून

जड उचलायला, पदर सारखा करायला, रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा बोर्ड) धरायला एक मुलगा किंवा मुलगी हवीच. कॉलेजमधली पोरं मिळतात, शूटप्रमाणे पैसे द्या, नात्यातलं असलं तरी द्या, नाहीतर दिवाळीनंतर येणं बंद होतं.

इथला ट्रॅप कोणी सांगत नाही. क्लायंट आत आला की तो तुमच्याकडे बघून नमस्कार करतो आणि कामाचं सगळं त्या धडधाकट पोराशी बोलायला लागतो. वाईट हेतू नसतो, सवय असते. त्यामुळे बुकिंगचा फोन तुम्हीच घ्या, आवाज ओळखीचा होऊ दे, आल्यावर "मी फोटो काढणारे, हा माझा असिस्टंट" हे पहिल्या वाक्यातच. आणि पोराला शिकवून ठेवा, काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "ताईंना विचारा."

७. कागदपत्रं आणि पैसे

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, स्वावलंबन कार्ड म्हणतात तेच) नसेल तर आधी ते. स्वावलंबन कार्डच्या सरकारी वेबसाइटवर अर्ज करायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी हॉस्पिटलात तपासणी, बहुतेक जिल्ह्यांत सिव्हिल. तपासणीचे वार ठरलेले असतात ते आधी फोन करून विचारा, उगाच हेलपाटा होतो. २०१६ च्या कायद्यानुसार बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. एजंटला पैसे देऊ नका.

हाताशी एका फाइलमध्ये ठेवा:

- यूडीआयडी कार्ड आणि दिव्यांग प्रमाणपत्र
- आधार, पॅन, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला
- बँक पासबुक, पासपोर्ट साइझ फोटो (स्वतःचे काढायला विसरतात लोक!)
- जागेचा भाडेकरार, लाइट बिल
- सामानाची कोटेशनं, लेटरहेडवर, जीएसटी नंबरसकट

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) करा, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, एक पैसा लागत नाही. सर्च केल्यावर वर ज्या जाहिराती येतात आणि फी मागतात त्या खाजगी आहेत, सरकारी साइटवरच जा. मोजकीच माणसं असतील तर दुकान कायद्याखाली फक्त ऑनलाइन कळवायचं असतं, गुमास्ता म्हणतात तेच. जीएसटीचा विचार सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर.

कर्जासाठी मुद्रा योजनेचा शिशू गट ५० हजारांपर्यंत आहे, सुरुवातीच्या सामानाला बरा. पीएमईजीपीमध्ये (नवा धंदा काढायला कर्ज आणि सबसिडी देणारी केंद्राची योजना) दिव्यांग विशेष गटात येतात, स्वतःचे ५ टक्के आणि सबसिडी शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के. पण दोन गोष्टी नीट ऐका. ती फक्त नव्या युनिटला आहे, म्हणजे आधी स्टुडिओ चालू केला आणि मग अर्ज केला तर बाद. आणि सबसिडी हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं बाजूला ठेवतात आणि मग कर्जात वळती होते, तेव्हा त्या पैशावर लेन्सचा प्लॅन करू नका. योजना सध्या चालू आहे का आणि टक्के तेच आहेत का हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळही कर्ज देतं, त्यांच्या जिल्हा ऑफिसला जाऊन या. आणि ग्रामपंचायत, नगरपालिका, सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, तिथे लेखी अर्ज टाका आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची, तोंडी विचारणाऱ्याला "निधी नाही" एवढंच उत्तर मिळतं.

८. क्लायंट आणि रेट

ज्यांना बाकीच्या स्टुडिओत चढता येत नाही ते तुमचे पहिले क्लायंट. गुडघे गेलेले आजीआजोबा, व्हीलचेअरवरचे लोक, पोटुशी बायका. सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो मी खूप काढते, एक्याऐंशीच्या माणसाला दुसऱ्या मजल्यावर कोण नेणार? गूगल मॅपवर स्टुडिओ टाकताना व्हीलचेअरने आत येता येतं असा पर्याय असतो, तो लावा आणि रॅम्पचा फोटो टाका. लग्नाच्या बायोडाट्याचे फोटो बारमाही आहेत. पासपोर्ट, व्हिसाचे फोटो कंटाळवाणे असतात पण रोजचा चहापाणी सुटतो, फक्त माप पाठ ठेवा, अमेरिकेला ५१ बाय ५१ एमएम, युरोपच्या शेंगेन व्हिसाला ३५ बाय ४५.

रेट ठरवताना शूटचे तास, एडिटिंगचे तास, मदतनीस, भाडं, लाइट बिल सगळं धरा आणि गावातल्या इतर चांगल्या स्टुडिओएवढाच रेट लावा. "तुम्हाला काम मिळावं म्हणून देतोय" म्हणणारे हमखास निम्म्या रेटवाले असतात. अर्धे पैसे ॲडव्हान्स, यूपीआयवर, तारीख त्यानंतरच. "तुमची स्टोरी प्रेरणादायी आहे, आमच्या कार्यक्रमात या आणि फोटो पण काढा" यात पैसे किती ते पहिल्याच फोनवर विचारा, बरेचसे तिथेच संपतात.

सकाळी एक, संध्याकाळी एक, याच्यावर बुकिंग घेऊ नका. मधली दुपार एडिटिंगची आणि पाय वर करून पडायची.

९. बाहेर जायचं असेल तर

फोनवरच विचारा: पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, गाडी दारापर्यंत येते का, बसायला काय आहे. "दोनचार पायऱ्या आहेत फक्त" यावर विश्वास ठेवू नका, व्हॉट्सॲपवर फोटो मागवा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला परवानगी लागते, आणि किल्ल्यावर कपल शूट वगैरे नम्रपणे नाही म्हणा. बागेत सकाळी लवकर, बाकाजवळची सावली आधी जाऊन ठरवून ठेवा. प्रवासात एसटीला दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, कार्ड जवळ हवं.

बॅगेत जास्तीची बॅटरी, कार्ड, घडीचं स्टूल, आणि कुबडीचं एक नवं रबर. ओल्या फरशीवर झिजलेलं रबर सर्रकन सरकतं आणि ते सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही.